बिनव्याजी उसनवारी की 'हेतेर इस्का'?

जेरुसलेममध्ये बेकरी टाकू पाहणाऱ्या मित्राचा प्रश्न: धर्म सांभाळून पैसे उचलायचे कसे? तोरा या ज्यू धर्मग्रंथानुसार ज्यूने ज्यूकडून व्याज घ्यायचं नाही.

खर्च बघितला तर 'गमाख' हा बिनव्याजी निधी उत्तम. पण रक्कम बेताची, वर जामीन शोधा.

दुसरा मार्ग हेतेर इस्का, म्हणजे व्याजबंदी सांभाळणारा भागीदारीचा लेखी करार. यात देणारा नुसता सावकार राहत नाही, धंद्यातला भागीदारही होतो. तोटा झाला म्हणायचं तर साक्षीदार आणा, नफा किती ते शपथेवर सांगा. ही कटकट नको असेल तर ठरलेली रक्कम द्या, सुटलात! मला ही पळवाटच वाटते, पण इस्रायली बँका याच कागदावर चालतात.

वाद झालाच तर? साध्या उसनवारीत शंभर मागितले नि पन्नासच कबूल केले, तर उरलेल्यासाठी ऋणकोला शपथ. म्हणून तालमूड हा ज्यू धर्मकायद्याचा ग्रंथ बजावतो, साक्षीदाराशिवाय देऊ नका. शिवाय ज्यू पंचांगातल्या दर सातव्या, म्हणजे 'शमिता' वर्षाअखेर थकलेलं कर्ज माफ होतं. ते टाळायला धनको 'प्रोझबुल' करून ठेवतो, म्हणजे कर्जवसुली धर्मन्यायालयाकडे सोपवणारा लेख; ही सोय प्राचीन धर्मगुरू हिल्लेलच्या काळापासूनची.

लग्न, आजारपण असेल तर गमाख. बेकरीच्या भट्टीसाठी मात्र इस्का, आणि हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून.