जपानची स्कॉलरशिप, ६७,४५० रुपये आणि एक शहाणा मास्तर

लिहू की नको करत चार महिने काढले. बायको म्हणाली अहो लिहा, नाव नका टाकू पण लिहा, तुमच्या ग्रुपवर अजून तीनशे मास्तर आहेत. म्हणून लिहितोय. नाव टाकत नाही, तालुका टाकत नाही, ज्यांना कळायचंय त्यांना कळेलच कारण आमच्या केंद्रात ही बातमी माझ्याआधी पोचली होती.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक. अकरा वर्षं नोकरी, एमए बीएड, वय चौतीस. जपानच्या स्कॉलरशिपच्या नावाखाली मला फसवलं, त्याचा आकडा आधी सांगतो म्हणजे कमेंटमध्ये विचारायला नको. ९ जानेवारीला २,५०० रजिस्ट्रेशन. १७ जानेवारीला ११,८०० प्रोसेसिंग, म्हणजे दहा हजार अधिक अठरा टक्के जीएसटी, जीएसटीसकट लुटलं मला. २ फेब्रुवारीला १४,७५०, हे 'सीओई चार्जेस', त्यातही जीएसटी. आणि १२ फेब्रुवारीला ३८,४०० 'रिफंडेबल डिपॉझिट'. एकूण ६७,४५०. यातले चाळीस हजार शिक्षक पतसंस्थेतून आकस्मिक कर्ज काढून दिले. कारण काय लिहिलं होतं अर्जावर? घरदुरुस्ती.

आता लगेच कुणी म्हणेल की स्कॉलरशिप देणारा पैसे मागतो का कधी. अहो माहितीय मला. पोरांचे महाडीबीटीचे, एनएमएमएसचे शिष्यवृत्तीचे फॉर्म मी भरतो, पालकांना मीच सांगतो की ओटीपी कुणाला देऊ नका. म्हणूनच तर जास्त जळतंय.

मुद्दा असा की ही स्कॉलरशिप खोटी नव्हती. हे नीट वाचा. जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची, मोनबुकागाकुशो म्हणतात ती, मेक्स्ट. त्यात पीजीवाल्यांसाठी 'रिसर्च स्टुडंट' वेगळी आणि शिक्षकांसाठी 'टीचर ट्रेनिंग' वेगळी. दीड वर्ष, महिना १,४३,००० येन म्हणजे आपले ऐंशी हजाराच्या आसपास, जायचं-यायचं तिकीट, फी माफ. अट काय तर पदवी, पाच वर्षं शाळेत शिकवल्याचा अनुभव आणि वय पस्तिसच्या आत. वकिलातीमार्फत अर्ज, मग लेखी परीक्षा, मग मुलाखत. अर्जाला एक रुपया लागत नाही. आणि मी सगळ्यात बसत होतो! यंदा शेवटचं वर्ष होतं माझं. पैसे गेले ते गेले, पतसंस्थेचा हप्ता कापून जाईल, पण मी खोट्या माणसाला कागद पाठवत बसलो आणि खऱ्या अर्जाची तारीख निघून गेली, हे काही मला पचत नाही.

तर झालं असं. डिसेंबरात आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली. पाठवणारे सर चांगले, त्यांना पण कुणीतरी पाठवली होती. (पुढे पाठवण्याआधी एकदा वाचत जा रे बाबांनो, पुढे पाठवणं म्हणजे पुण्यकर्म नाही.) पीडीएफमधली माहिती ९० टक्के बरोबर होती, खऱ्या नोटिशीतूनच उचललेली. फक्त शेवटी 'नोडल को-ऑर्डिनेटर, महाराष्ट्र' म्हणून मोबाईल नंबर होता. फोन केला. पलीकडचा माणूस इतकं छान मराठी बोलत होता की काय सांगू, 'गुरुजी' नाही म्हणाला, 'सर' म्हणाला, शालार्थ आयडी (आमच्या पगाराचा नंबर) काय असतो ते त्याला माहीत, अध्ययन रजा कशी घ्यायची ते माहीत. म्हणाला, सर तुमची प्रोफाईल स्ट्राँग आहे, मराठवाड्याचा कोटा रिकामा जातोय दरवर्षी. मराठवाड्याचा कोटा! जपानला मराठवाडा कुठं माहीत असणारे? पण आपल्या भागावर अन्याय होतो हे ऐकायची आपल्याला इतकी सवय की बरोबर तिथंच लागलं.

आणि एक सांगितलं त्याने, निवड होईपर्यंत ऑफिसला कळवू नका, लोक पाय ओढतात. हे पण पटलं. कारण ओढतातच. खरं तर परदेशी जायचं म्हणजे ना हरकत लागते, केंद्रप्रमुखापासून गटशिक्षणाधिकारी, तिथून वर जिल्ह्याला, फाईल टेबलाटेबलावर. मी जर नियमाने ती फाईल टाकली असती तर कुठल्यातरी क्लार्कने तरी विचारलं असतं की मूळ पत्र कुठंय. आपल्या खात्याच्या दिरंगाईला इतकी वर्षं शिव्या दिल्या, आणि तीच दिरंगाई मला वाचवू शकली असती. असो.

निवडीचं पत्र आलं २४ जानेवारीला. परीक्षा नाही, मुलाखत नाही, थेट निवड. मी विचारलं, लेखी परीक्षेचं काय? म्हणे सेवेतल्या शिक्षकांना सूट आहे. पत्रावर डाव्या बाजूला जपानचा झेंडा आणि उजव्या बाजूला आपला अशोकस्तंभ. जपान सरकार पत्र देतंय तर त्यावर अशोकस्तंभ कशाला, हा प्रश्न मला तेव्हा का नाही पडला. उलट मला वाटलं वा, दोन्ही सरकारं. कलर प्रिंट काढून आणली, वीस रुपये दिले, ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.

आता ती वेळ सांगतो जी मला रोज रात्री आठवते. २ फेब्रुवारी, सोमवार, दुपारची सुट्टी. व्हरांड्यात पंगत बसलेली, खिचडी वाढणं चालू, मी एका हाताने पोषण आहाराची नोंद टाकतोय आणि त्याच फोनवर त्याचा क्यूआर आला. सीओई म्हणजे जपानमध्ये राहायच्या पात्रतेचा दाखला, त्याचे पैसे आजच्या आज भरले नाहीत तर नाव वेटिंगला जाणार. (हा दाखला तिथलं इमिग्रेशन खातं देतं आणि त्याला फी नसते, हे मला नंतर कळलं.) क्यूआर उघडला आणि स्क्रीनवर नाव आलं. कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं. चौथीतली एक पोरगी ताट घेऊन शेजारी उभी, मीच तिला शिकवलंय दिसेल ते वाचायचं, दुकानाची पाटी, एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा. तिने वाचलं. मोठ्याने. "मो-बा-ईल शॉ-पी. गुरुजी, नवा मोबाईल घेताय का?"

मी तिला म्हणालो जा, पंगतीत बस.

फोन लावला त्याला, नाही असं नाही. विचारलं की हे दुकानाचं नाव कसं काय. एक सेकंद पण थांबला नाही तो. "सर, ते मर्चंट पार्टनर आहेत, शासनाचं कलेक्शन आता आउटसोर्स झालंय." आणि मला हे पटलं कारण आपल्याकडे खरोखर सगळंच आउटसोर्स झालंय. पिन टाकला. १४,७५०. दहा वर्षांच्या पोरीला दिसलं ते मला दिसलं नाही, किंवा दिसलं आणि मी बघितलं नाही. पिन टाकायच्या आधी जे नाव येतं ना स्क्रीनवर, ते शोभेला नसतं. सरकारी पैसा मोबाईल शॉपीत जात नाही.

मग ३८,४०० कसे दिले हे विचारू नका. विचाराच. तिकीट सरकार देतं हे मी स्वतः वाचलेलं, तर म्हणे 'रिइम्बर्समेंट बेसिस' आहे, आधी ब्लॉक करायचं, पोचल्यावर पहिल्या स्टायपेंडमध्ये परत. आणि तोवर २९,०५० गेले होते. इतके गेल्यावर माणूस थांबत नाही, थांबला तर आधीचे बुडाले हे कबूल करावं लागतं. शिवाय एव्हाना वर्गात सांगून झालं होतं, नकाशावर टोकियो दाखवून झालं होतं, आईने शेजारी सांगितलं होतं.

पकडलं पुतणीने. ती एमएस्सीला आहे, यूजीसीची पीजी शिष्यवृत्ती असते ना महिना १५,००० वाली, दहा महिने, तिचा फॉर्म तिने स्वतः नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरलेला, एक पैसा न देता. शनिवारी रात्री, १४ तारखेला, कौतुकाने तिला मेल दाखवला. ती पत्र बघतच नव्हती, पाठवणाऱ्याचा पत्ता बघत होती. म्हणाली, काका, ह्यात गो डॉट जेपी नाहीये, गो हायफन जेपी डॉट कॉम आहे. एक आडवी रेघ. जपान सरकारची साइट गो डॉट जेपी ने संपते, आपली गव्ह डॉट इन किंवा निक डॉट इन ने, पत्त्याचा शेवट तसाच नसेल तर बंद करा. तिलाही महिन्याआधी मेसेज आला होता की शिष्यवृत्ती मंजूर आहे पण आधार सीडिंग (खात्याला आधार जोडलेलं) नाही, हे ॲप टाका, सोबत एपीके फाईल. तिने उडवून टाकला. मला घरात सगळे हुशार समजतात, तिला नाही.

आणि आता दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. मी त्या रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला नाही. म्हणलं उद्या रविवार, महाशिवरात्र, ऑफिस बंद असणार. अहो ती हेल्पलाइन आहे, तिला रविवार नसतो! खरं कारण लाज. सोमवारी दुपारी लावला, चौथ्या वेळी लागला, तिथल्या मॅडम मात्र नीट बोलल्या, सगळे ट्रान्झॅक्शन नंबर घेतले. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले होते. एका खात्यात ४,३१० रुपये अडकले, तेवढे होल्ड. शनिवारी रात्रीच केला असता तर किती अडकले असते देव जाणे. तुम्ही करा. रडायच्या आधी करा.

मग सुरू झाली खरी यात्रा. पोलीस स्टेशनला गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाले ऑनलाइन तक्रार झालीय ना, मग इथं काय. मी म्हणलं एफआयआर पाहिजे. म्हणाले शिवजयंतीचा बंदोबस्त आहे, १९ नंतर या. २० ला गेलो तर म्हणाले सायबरचा तपास पीआय साहेबांनाच करावा लागतो, साहेब जिल्ह्याला गेलेत. (हे खरंय, आयटी कायद्यात तसं आहे, पण तपास पीआयने करायचा म्हणून तक्रार पण घ्यायची नाही असं कुठं लिहिलंय?) जिल्ह्याच्या सायबरला गेलो, किरकोळ रजा टाकून, एसटीने सव्वादोन तास, तिथं म्हणाले तुमच्या हद्दीत द्या. हद्द! पैसे मोबाईलमधून गेले, त्याला हद्द कुठली. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला खबर घ्यावी लागते हे नव्या बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ मध्ये आहे, मी प्रिंट काढून नेली. साहेबांनी ती प्रिंट वाचली नाही, त्यावर चहाचा कप ठेवला. आणि एकजण हसत म्हणाला, "गुरुजी, तुम्ही पोरांना शिकवता तरी काय हो?" सगळे हसले. मी पण हसलो, काय करणार.

फसवणुकीचं जुनं चारशेवीस कलम आता नव्या कायद्यात तीनशेअठरा झालंय एवढं ज्ञान मला मिळालं, एफआयआर काही अजून मिळाली नाही, अर्जाची पोच आहे फक्त.

बँकेत मॅनेजर म्हणाले पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. एक कागद लिहून द्या म्हणलं की तक्रार घेतली, तर म्हणे शाखेत असं देत नाही, मेल करा. मेल केला, आपोआप उत्तर आलं की आपली तक्रार महत्त्वाची आहे. होल्डवर असलेले ४,३१० परत मिळवायला कोर्टाचा आदेश लागतो असं मला सांगितलं. वकिलांची फी विचारली, ५,०००. लोकअदालतीत घालतो म्हणालेत कुणीतरी ओळखीचे, बघू.

आणि हो, ज्या दुकानाचं नाव आलं होतं ते दुकानच नाही म्हणे, कुणा गरीब पोराच्या नावावर भाड्याने घेतलेलं खातं. कॉलेजच्या पोरांनो, दोन-पाच हजारासाठी खातं कुणाला वापरायला देऊ नका, पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतील. म्हणजे आले तर.

खरा अर्ज करायचा असेल तर वकिलातीच्या साइटवर वर्षाच्या सुरुवातीला लक्ष ठेवा, पस्तिशीच्या आत असाल तर. कुणी निवड झाली म्हणालं आणि तुम्ही परीक्षेला बसलाच नसाल तर फोन ठेवा. आणि घरात जो सगळ्यात लहान असेल त्याला मेल दाखवा.

परवा अजून एक फोन आला. सायबर विभागातून बोलतोय, तुमचे ६७,४५० रिकव्हर झालेत. आकडा रुपयापर्यंत पाठ त्याला. फाईल चार्ज फक्त ४,९९९ भरा, संध्याकाळपर्यंत खात्यात जमा. पोटात गोळा आला, खरं सांगतो, क्षणभर वाटलं असेलही. म्हणलं साहेब, क्यूआर पाठवा. लगेच पाठवला. स्कॅन केला आणि नाव बघितलं.

या वेळी किराणा स्टोअर्स होतं.