जुन्या डॉस पीसीवर लपलेले मेमरी ऑप्शन: ईएमएम३८६, क्यूईएमएम की जेम?

४८६ परत चालू केलाय, एमएस-डॉस ६.२२ टाकलंय, पण माउस, सीडीरॉम आणि साउंड कार्डचे ड्रायव्हर लोड झाले की डॉस प्रोग्रॅमना मिळणाऱ्या मूळ ६४० केबी मेमरीतलं इतकं कमी उरतं की गेम सुरूच होत नाही. मग लोक मॅन्युअलमध्ये नसलेले ऑप्शन शोधत बसतात. माझं मत आधीच देऊन टाकतो, ज्या ऑप्शनची चूक लगेच पकडता येते तोच वापरा, आणि ईएमएम३८६, क्यूईएमएम, जेम या तीन मेमरी मॅनेजरांत (ड्रायव्हरना ६४० केबीबाहेर जागा करून देणारे प्रोग्रॅम) खरा फरक इथेच पडतो.

ईएमएम३८६ डॉससोबतच येतं, त्यामुळे सुरुवात इथूनच करा. कॉन्फिग.सिसमध्ये (बूट होताना डॉस वाचतं ती सेटिंगची फाइल) इन्स्टॉलहाय लिहिलं की टीएसआर, म्हणजे मेमरीत बसून राहणारा प्रोग्रॅम, थेट अप्पर मेमरीत (६४० केबी ते १ एमबीमधली जागा) जातो, ही कमांड डॉसच्या हेल्पमध्ये नाही पण चालते. तसंच मेम /ए ही कमांड, एचएमएत (१ एमबीच्या लगेच वरची सुमारे ६४ केबी जागा) किती जागा उरलीय ते एका जादा ओळीत दाखवतं, यात धोका काहीच नाही. मोठा फायदा मात्र ईएमएम३८६ च्या ओळीतल्या आय=बी०००-बी७एफएफ मध्ये आहे, म्हणजे हे पत्ते अप्पर मेमरीत घे असं सांगण्यात, स्विच हेल्पमध्ये असला तरी रेंज तुम्हालाच ठरवावी लागते. ही ३२ केबी जागा मोनोक्रोम डिस्प्लेची, कलर व्हीजीएवर बहुतेक वेळा रिकामीच पडलेली असते, पण काही एसव्हीजीए कार्ड ती वापरतात आणि मग स्क्रीनवर कचरा दिसतो किंवा मशीन हँग होतं. विंडोज ३.१ एन्हान्स्ड मोडमध्ये चालवणार असाल तर सिस्टिम.आयएनआयच्या ३८६एन्ह सेक्शनमध्ये मोनोयूएमबी.३८६ ची डिव्हाइस ओळ टाका, नाहीतर विंडोज आणि ईएमएम३८६ त्याच जागेवरून भांडतील.

क्यूईएमएमची खरी ताकद स्टेल्थ, म्हणजे रॉम नजरेआड करून तिची जागा वापरणं, आणि ते लपलेलं वगैरे नाही, मॅन्युअलमध्येच आहे. एसटी:एम दिलं की बायोस आणि व्हिडिओच्या रॉमखाली अडकलेली जागासुद्धा मोकळी होते, एवढं ईएमएम३८६ ला जमत नाही. पण त्यासाठी ६४ केबीची पेज फ्रेम (जादा मेमरी तुकड्यातुकड्याने दिसण्याची खिडकी) ठेवावीच लागते, आणि डिस्क कंट्रोलरचं पटलं नाही तर एक्सएसटी= देऊन एकेक रॉम वगळत बसायचं. नेटवर्क ड्रायव्हरसकट सगळं एकदम हवं असेल तरच एवढी मेहनत घ्या.

जेम, म्हणजे जेम३८६, फ्रीडॉसच्या (डॉसची खुली आवृत्ती) ईएमएम३८६ वरून निघालं, सोर्स खुला आहे, म्हणून लपवाछपवीच उरत नाही. आय=टेस्ट दिलं की रॉममधली न वापरलेली जागा ते स्वतः शोधतं, एक्स=टेस्ट उलट काम करतं, कार्डांचे रॉम टाळतं. शिवाय कमांड लाइनवरून लोड होतं, म्हणजे ऑप्शन चुकला तर रीसेट मारलं की झालं, कॉन्फिग.सिसला हात लावायची गरजच नाही.

पेंटियम किंवा पुढचं मशीन असेल तर सरळ जेम घ्या, ४८६ वर आधी ईएमएम३८६ आणि बी००० रेंज करून बघा, बहुतेक गेमना तेवढं पुरतं. काहीही बदलण्याआधी बूट फ्लॉपी तयार ठेवा, डॉस ६ मध्ये एफ५ ने कॉन्फिग टाळता येतं पण डॉस ५ मध्ये ती सोय नाही.