मेन्स्ट्रुपीडिया कॉमिक: मुलीला नुसतं देऊ नका, शेजारी बसून वाचा

महाराष्ट्र शिक्षण मंडळाच्या विज्ञानाच्या पुस्तकात मासिक पाळी आकृतीसह सविस्तर येते ती दहावीत. तोवर वर्गातल्या बहुतेक मुलींची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात. त्याआधी घरात बोलायला एखादं पुस्तक हवं असेल, तर अदिती गुप्ता आणि तुहिन पॉल यांचं हे कॉमिक घ्यावं. मराठीतही मिळतं.

पिंकी, जिया आणि मीरा या मैत्रिणी, आणि त्यांना समजावणारी डॉक्टर प्रियादीदी. पिंकीची पाळी अजून यायची आहे, जियाची गोष्टीतच पहिल्यांदा येते. वाचणारी मुलगी या तिघींपैकी कुठल्या तरी एकीत स्वतःला बघते, हे या पुस्तकाचं मोठं बळ. 'कावळा शिवला', 'अडचण आहे' असलं आडून बोलणं ऐकलेल्या मुलीला इथे सरळ शब्द सापडतात.

पुस्तक द्यायचं कधी? वयापेक्षा शरीराकडे बघा. छातीशी छोटी, दुखरी गाठ लागायला लागली की साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. अंगावरून पांढरं जाणं बहुधा पाळीच्या सहा महिने ते वर्षभर आधी सुरू होतं. म्हणून आठव्या-नवव्या वर्षीच पहिलं वाचन व्हावं. एका बैठकीत संपवू नका; पंधरा-वीस मिनिटांच्या तीन-चार बैठका पुरतात. पुस्तक उशाशी ठेवून 'वाच हं' म्हणत निघून जाणं ही सर्रास होणारी चूक. हा विषय आईबाबांना नकोसा आहे एवढंच त्यातून मुलीला कळतं, आणि पुढचा प्रश्न ती मैत्रिणीला किंवा मोबाइलला विचारते.

पॅडच्या पानावर थांबा आणि खरं पॅड काढा. चिकट बाजू निकरच्या कापडाला, पंख खाली दुमडून. नवख्या मुली ते उलटं लावतात आणि काढताना रडकुंडीला येतात. मग चहाच्या छोट्या चमच्याने दोन चमचे पाणी पॅडवर ओता. एका पाळीत मिळून साधारण ३० ते ४० मिलि रक्त जातं, म्हणजे असे सहा ते आठ चमचे, तेही तीन ते सात दिवसांत. 'सगळं रक्त गेलं तर?' ही भीती या प्रयोगाने जितकी जाते तितकी समजावून जात नाही. पॅड दर चार ते सहा तासांनी बदलायचं, रक्त कमी दिसलं तरी. कापडाची घडी वापरत असाल तर आधी गार पाण्यात धुवा, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो. आणि वाळत घाला ती उन्हात, दुसऱ्या कपड्यांखाली लपवून नव्हे.

पाळी समजली की मुलीचा पुढचा प्रश्न ठरलेला: बाळ पोटात जातं कसं? पुस्तकाचा विषय पाळी आहे, त्यामुळे हे उत्तर तुम्हीच तयार ठेवा. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं: 'मोठी झालेली दोन माणसं, दोघांची इच्छा असेल तर, अगदी जवळ येतात. पुरुषाचं शिश्न स्त्रीच्या योनीत जातं, त्यातून शुक्राणू आत जातात. त्यातला एक स्त्रीच्या बीजाला मिळाला की गर्भ तयार होतो.' आवाज नेहमीसारखा ठेवा. त्याच बैठकीत सांगा, की लहान मुलांशी असं कुणीही वागता कामा नये, वागलं तर लगेच घरी सांगायचं, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे.

भावालाही हे पुस्तक वाचू द्या. बहिणीच्या कपड्यावरचा डाग बघून तो हसला, तर ते न सांगितल्यामुळे.

शेवटच्या बैठकीनंतर दप्तरासाठी छोटी पिशवी मिळून भरा: दोन पॅड, एक निकर, जुना कागद, डाग पडलेला कपडा ठेवायला एक प्लॅस्टिकची पिशवी. पहिली दोन वर्षं चक्र २१ ते ४५ दिवसांचं असू शकतं, त्याने घाबरू नका. मात्र आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, किंवा तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजू लागलं, तर पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.