पोर्ट झोनिंगकडून डब्ल्यूडब्ल्यूपीएन झोनिंगकडे: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचे सर्व्हर आणि स्टोरेज फायबर चॅनलच्या दोन फॅब्रिकनी, म्हणजे स्विचच्या दोन जाळ्यांनी, जोडलेले आहेत. त्यात कोणी कोणाशी बोलायचं हे झोनिंग ठरवतं. हे झोनिंग आधी पोर्टवर होतं, म्हणजे झोनमध्ये ‘डोमेन १, पोर्ट ५’ (स्विचचा क्रमांक आणि त्यावरचं भोक) अशा नोंदी. आता प्रत्येक झोनमध्ये एलियास (टोपणनावं) आहेत आणि प्रत्येक एलियासमागे एकच डब्ल्यूडब्ल्यूपीएन (वर्ल्ड वाइड पोर्ट नेम). मधल्या काळात एचबीए कार्डं (सर्व्हरला फॅब्रिकशी जोडणारी) बदलली, केबल हलल्या, नवे सर्व्हर आले, जुने गेले. एवढं सगळं होऊन गेल्यावर माझं मत पक्कं झालंय की हा बदल करावाच. का, ते सांगण्याआधी एकाच उपकरणाला फायबर चॅनलमध्ये किती ओळखी असतात ते बघू.

डब्ल्यूडब्ल्यूपीएन हे पोर्टचं कायमचं नाव. ६४ बिटांचं, हेक्समध्ये १६ अंकी, कार्डाबरोबर कारखान्यातूनच येतं. पण फ्रेमच्या हेडरमध्ये हे नाव नसतंच. तिथे २४ बिटांचे एफसीआयडी, म्हणजे फॅब्रिकमधले पत्ते, असतात: पाठवणाऱ्याचा एक, घेणाऱ्याचा एक. लिंक वर आली की सर्व्हरचा पोर्ट एफएफएफएफएफई या राखीव पत्त्यावर फॅब्रिक लॉगिन पाठवतो. त्या क्षणी त्याचा स्वतःचा पत्ता शून्य असतो, आणि स्विच उत्तरात एफसीआयडी देतो. मग पोर्ट एफएफएफएफएफसीवरच्या नेम सर्व्हरकडे आपली नोंद करतो. एफसीआयडीचे पहिले ८ बिट डोमेनचे, पुढचे ८ एरियाचे, शेवटचे ८ पोर्टचे. डोमेन १ ते २३९ मधला असतो आणि एका फॅब्रिकमध्ये दोन स्विचना सारखा चालत नाही. दोन फॅब्रिक जोडताना तो सारखा निघाला तर फॅब्रिक एक होतच नाहीत, मधली लिंक सेगमेंट होते.

तर एफसीआयडी फॅब्रिक देतं आणि ते तो बदलूही शकतं. डब्ल्यूडब्ल्यूपीएन मात्र कार्ड जिथे जाईल तिथे जातं. पोर्ट झोनिंगमध्ये परवानगी ना याला ना त्याला, ती स्विचवरच्या भोकाला असते. जुना सर्व्हर काढला आणि तिथे भलताच सर्व्हर लावला, तर तो आपोआप जुन्याच्या झोनमध्ये जातो. स्टोरेजवरचं लन मास्किंग (कुठला लन, म्हणजे स्टोरेजने दिलेली डिस्क, कुठल्या सर्व्हरला दिसेल याचं बंधन) त्याला अडवेल हे खरं, पण दोनातला एक अडसर तर गेलेलाच असतो. मला हा धोका सगळ्यात मोठा वाटतो, आणि तो कुठल्याही लॉगमध्ये चूक म्हणून दिसत नाही.

दुसरं कारण एनपीआयव्ही. व्हर्च्युअलायझेशनच्या होस्टवर एकाच पोर्टातून अनेक डब्ल्यूडब्ल्यूपीएन लॉगिन करतात. पहिला फॅब्रिक लॉगिन करतो, बाकीचे त्याच लिंकवरून जास्तीचे एफसीआयडी मागून घेतात: ०१०५०० च्या मागोमाग ०१०५०१, ०१०५०२ असे. पोर्टवर झोन केलं तर होस्टवरच्या या सगळ्या व्हर्च्युअल मशीनना एकच परवानगी मिळते, त्यांना वेगळं करायची सोयच उरत नाही.

‘पोर्टचं झोनिंग हार्ड, नावाचं झोनिंग सॉफ्ट’ हे वाक्य अजून बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं. हार्ड म्हणजे स्विचचं हार्डवेअर फ्रेम अडवतं, सॉफ्ट म्हणजे नेम सर्व्हर नुसतं यादीतून लपवतो. फार जुन्या स्विचबद्दल ते ठीक होतं. आताचे स्विच नावावरच्या झोनिंगचीही अंमलबजावणी हार्डवेअरमध्येच करतात, झोनबाहेरची फ्रेम तिथेच गळते.

आता त्रासाचं. एचबीए बदललं की डब्ल्यूडब्ल्यूपीएन बदलतं, आणि पोर्ट झोनिंगमध्ये हे काम नव्हतं. पण स्टोरेजवरच्या होस्टच्या नोंदीत नवं नाव टाकावं लागतंच, मग झोनिंग काहीही असो. एलियास असल्यामुळे स्विचवरचं काम एका जागी आटोपतं: एलियासमध्ये नवं नाव घाला, कॉन्फिग एनेबल करा, सर्व्हरला स्टोरेजकडचे पाथ (रस्ते) दिसले की जुनं नाव काढा. हे शेवटचं पाऊल टाळू नका. काढलेलं कार्ड उद्या दुसऱ्या सर्व्हरमध्ये बसलं तर ती परवानगी त्याच्याबरोबर जाईल.

नाव हाताने टाइप करू नये. नेम सर्व्हरच्या यादीतून कॉपी करावं, किंवा लिनक्सवर एफसी-होस्टखालच्या पोर्ट-नेम फाइलमधून. शेजारीच नोड-नेम (पोर्ट ज्याचा, त्या उपकरणाचं नाव) असतं, ते चुकून उचलू नका. एम्युलेक्सच्या कार्डावर पोर्टचं नाव १०:०० ने आणि नोडचं २०:०० ने सुरू होतं, पुढचे अंक तेच. नोडचं नाव झोनमध्ये गेलं, तर एकाच नोडचे अनेक पोर्ट असलेल्या स्टोरेजवर ते सगळेच आत येतात.

डब्ल्यूडब्ल्यूपीएनचा पहिला अंक वाचायची सवय लावून घ्या. १ असेल तर शेवटचे ४८ बिट इथरनेटच्या मॅकसारखा पत्ता असतो. २ असेल तर त्यापुढचे तीन अंक कंपनी आपल्या सोयीने वापरते. क्यूलॉजिकच्या दोन पोर्टांच्या कार्डावर २१:०० आणि २१:०१ दिसतं ते यामुळेच. ५ असेल तर लगेच पुढचे सहा अंक कंपनीचे. ५०:०६:०१:६ अशी सुरुवात दिसली की ५ सोडून ००६०१६ वाचा, तो ईएमसीचा क्रमांक. अनोळखी लॉगिन कुठल्या जातीचं आहे हे यावरून चटकन कळतं.

लनचीही अशीच ओळख असते, पण ती ६ ने सुरू होते आणि १२८ बिटांची असते. लिनक्सच्या मल्टिपाथमध्ये (एकाच लनचे अनेक पाथ एकत्र करणारी सोय) तिच्यापुढे आणखी एक ३ लागतो, म्हणून तिथे ३६ ने सुरू होणारी ३३ अक्षरं दिसतात. स्टोरेजवरच्या आकड्याशी जुळवताना तो ३ सोडायचा. लिनक्समधली एसडीबी, एसडीसी ही डिस्कची नावं रीबूटला बदलू शकतात, त्यांच्यावर काही बांधू नका.

झोनमध्ये एकच इनिशिएटर (म्हणजे सर्व्हरचा पोर्ट) ठेवण्याचा नियम आम्ही याच वेळी लावला. झोनची संख्या बरीच वाढली, पण सर्व्हर रीबूट झाला की बदलाची सूचना त्याच्या झोनमधल्यांनाच जाते, शेजारच्या सर्व्हरना नाही. एलियासच्या नावात होस्ट, कार्डाचा स्लॉट, पोर्ट आणि फॅब्रिक ए की बी एवढं असलंच पाहिजे.

ब्लेड सर्व्हरवर डब्ल्यूडब्ल्यूपीएन कार्डातून नाही, तर व्यवस्थापन यंत्रणेतल्या प्रोफाइलमधून मिळतं. ब्लेड बदलली तरी ओळख तीच राहते, झोनिंगला हात लावावा लागत नाही, आणि हे फार सुखाचं आहे. मात्र दोन व्यवस्थापन यंत्रणांचे पूल (नावांचे साठे) एकमेकांत शिरले तर एकच नाव दोघांना जातं. मग स्विचच्या सेटिंगप्रमाणे एकाला बाहेर राहावं लागतं. पूलच्या मधल्या अंकात प्रत्येक यंत्रणेसाठी वेगळा क्रमांक राखला की हा प्रश्न येत नाही.

एफसीआयडीपासून पूर्ण सुटका मात्र होत नाही. एचपी-यूएक्सच्या (एचपीच्या युनिक्सच्या) जुन्या आवृत्त्यांमध्ये डिस्कच्या हार्डवेअर पाथमध्येच एफसीआयडी असतो. तो बदलला की सर्व्हरच्या दृष्टीने डिस्क नवी, आणि झोनिंग कितीही नीट असलं तरी उपयोग नाही. ११.३१ पासून डिस्कच्या स्वतःच्या ओळखीवर चालणाऱ्या डिव्हाइस फाइल आल्या. त्याआधीचं काही चालू असेल तर स्विचचा डोमेन आयडी पक्का करून ठेवा आणि त्या सर्व्हरच्या व स्टोरेजच्या केबलना ‘पोर्ट बदलू नये’ अशी चिठ्ठी लावा.