टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनऐवजी क्लोमिफीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

टेस्टोस्टेरॉन कमी निघालंय आणि अजून मूल हवंय, अशा पुरुषांसाठी हे लिहितोय. माझं वय ३६, राहायला डोंबिवली, नोकरी परळला. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही.

सतत थकवा, चिडचिड, शरीरसंबंधाची इच्छाच मेलेली. सगळं लोकलच्या धावपळीवर ढकलणं सोपं होतं. टेस्टोस्टेरॉन २२८ (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं. काही दिवसांनी पुन्हा सकाळीच रक्त दिलं, तेव्हा २४१. साधारण ३०० च्या खाली कमी धरतात, पण एका रिपोर्टवर निदान करत नाहीत. रक्तही सकाळीच द्यायचं, कारण दिवस चढेल तशी पातळी उतरते.

पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून लगेच टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन लिहून दिलं. मूल हवंय का, हे विचारलंच नाही. याचा राग मला अजूनही आहे. कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे; मग पिट्युटरी, म्हणजे मेंदूखालची छोटी ग्रंथी, एलएच आणि एफएसएच ही अंडकोषांना कामाचा हुकूम देणारी हार्मोन्स सोडणं थांबवते, अंडकोषांचं काम मंदावतं आणि शुक्राणू काही महिन्यांत शून्यावरही येऊ शकतात. हा परिणाम इतका खात्रीचा, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनचीच चाचणी घेतली होती. १९९० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इंजेक्शन बंद केल्यावर शुक्राणू बहुतेकांचे परत येतात, पण त्याला सहा महिने लागतील की दोन वर्षं, हे आधी कोणी सांगू शकत नाही.

एका मित्राने एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे, जायला सांगितलं. त्या मॅडमचा पहिलाच प्रश्न होता, "मुलं आहेत का?" मग एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि वीर्याची तपासणी झाली. माझा एलएच खालच्या बाजूला होता. म्हणजे अंडकोष ठीक, वरून हुकूमच कमी येतोय. एलएच आधीच चढलेला असता तर अंडकोषांतच दोष, आणि तिथे क्लोमिफीनच्या गोळीचा उपयोग नाही. इंजेक्शन की गोळी, हे ठरवायला आधी हा एक आकडा बघायलाच हवा.

क्लोमिफीन २५ मिलिग्रॅम, दिवसाआड. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन पुरुषांतही थोडं असतं, आणि ते जाणवलं की मेंदू हुकूम कमी करतो. मेंदूला ही जाणीव होऊ न देणं, एवढंच या गोळीचं काम. मग पिट्युटरी पुन्हा जोर लावते आणि टेस्टोस्टेरॉन आपल्याच शरीरात तयार होतं. मुळात हे बायकांमध्ये स्त्रीबीज सुटावं म्हणूनचं औषध, अमेरिकेत १९६७ पासून त्यासाठीच मान्य. पुरुषांना डॉक्टर आपल्या अधिकारात देतात. केमिस्टने प्रिस्क्रिप्शन वाचलं आणि विचारलं, "वहिनींचं नाव लिहू ना बिलावर?" मी म्हटलं, "नाही, माझंच." आतल्या कागदावरही सगळं पाळी आणि गर्भधारणेबद्दलच आहे. ते वाचून घाबरू नका.

पहिल्या महिन्यात फारसं काही जाणवलं नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी टेस्टोस्टेरॉन ४९० आलं, आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर अंथरुणावर पडायची गरज संपली. सकाळचं उत्थान परत आलं. शुक्राणूंची संख्या आधीपेक्षा चांगली आहे. इच्छा मात्र आकड्याच्या प्रमाणात वाढली नाही. टेस्टोस्टेरॉन वाढतं तसं इस्ट्रोजेनही वाढतं, आणि या गोळीतला एक घटक इस्ट्रोजेनसारखाच वागतो आणि शरीरात बराच काळ रेंगाळतो, असं मॅडमनी समजावलं. म्हणून आता एस्ट्राडायॉलही (मुख्य इस्ट्रोजेन) तपासतो.

डोळ्यांचं मात्र लक्षात ठेवा. एका रात्री दादरला फलाटावर उभा होतो, येणाऱ्या गाडीच्या दिव्यामागे उजेडाची शेपटी दिसली आणि नजर वळवल्यावरही ती डोळ्यांसमोर तरळत राहिली. दुसऱ्याच दिवशी मॅडमना फोन केला. त्यांनी गोळी थांबवली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासला, तो ठीक निघाला. नंतर कमी डोसवर पुन्हा सुरू केली, तेव्हापासून तसं झालेलं नाही. पण दृष्टीत असं काही दिसलं तर पुढची गोळी घ्यायच्या आत डॉक्टरांना सांगा, अंगावर काढू नका.

दुसरा पर्याय एचसीजीचं इंजेक्शन. ते एलएचसारखं काम करतं, अंडकोष चालू ठेवतं. पण आठवड्याला दोन-तीनदा टोचायचं आणि औषध फ्रिजमध्ये सांभाळायचं. माझ्या प्रवासात ते जमणारं नव्हतं. ॲनास्ट्रोझोल या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळीबद्दलही विचारलं होतं. लठ्ठपणामुळे इस्ट्रोजेन जास्त असलेल्या काहींना देतात, पण इस्ट्रोजेन फार खाली गेलं तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून मॅडमनी मला दिली नाही. जिममध्ये कोणी "सायकल" (स्टेरॉइडचा कोर्स) किंवा इंजेक्शनचं सुचवलं आणि तुम्हाला बाप व्हायचं असेल, तर सरळ नाही म्हणा.

गोळी स्वस्त आहे, खर्च होतो तो तपासण्यांवर. वजनही थोडं कमी केलंय, घोरणं कमी झालंय. त्याचाही वाटा असणार. गर्भधारणा अजून नाही. बायकोच्या तपासण्या नॉर्मल आहेत, आणि वीर्याची पुढची तपासणी या महिन्याअखेरीस आहे.