नाशिकच्या गंगापूर रोडवरचा लेखनप्रकारांचा वर्ग: मराठीच्या शिक्षकांनी जावं का?

आधी कामाचं. फी साडेतीन हजार, रविवारी सकाळी वर्ग, गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, चहा दोनदा, नोट्स झेरॉक्स करून हातात. पार्किंग नाही म्हणजे नाहीच; सिडकोकडून येणाऱ्यांनी रिक्षा करावी. नववी-दहावीला मराठी शिकवत असाल आणि उपयोजित लेखनाचे गठ्ठे तपासून विटला असाल, तर पैसे वसूल आहेत. भाषाशास्त्रात एम.ए. करणाऱ्यांनी मात्र खालचं गाऱ्हाणं वाचून मग ठरवावं.

जाहिरातीत नाव भारदस्त होतं, पण आत शिकवतात ते सिस्टेमिक फंक्शनल लिंग्विस्टिक्स, म्हणजे कुठल्या प्रसंगी भाषा काय काम करते ते पाहणारं भाषाशास्त्र. तिथे सगळे नुसतं एसएफएल म्हणतात. मायकल हॅलिडे हे याचे मूळपुरुष. त्यांच्या मते बोलणारा माणूस दर वाक्याला निवड करत असतो आणि ती निवड प्रसंगाशी बांधलेली असते. काय चाललंय ते फील्ड, कोण कोणाशी बोलतंय ते टेनर, तोंडी आहे की लेखी ते मोड. त्याच्यावर जिम मार्टिन यांची जॉनरची, म्हणजे बोलण्या-लिहिण्याच्या प्रकाराची कल्पना: काहीतरी साधायचं म्हणून माणसं मिळून टप्प्याटप्प्याने जे करतात ते जॉनर. एवढं पहिल्याच तासात उरकलं, आणि बरं झालं. कारण खरी मजा गृहपाठात होती.

गृहपाठ असा, की भाजीबाजारातला एक सौदा कान देऊन ऐकायचा आणि जसाच्या तसा उतरवून आणायचा. मी भद्रकालीतला आणला.

“मेथी कशी दिली मावशी?”
“वीसला जुडी.”
“पंधरा लावा ना. पानं पिवळी पडलीत बघा.”
“सकाळचीच आहे ताई. दोन घ्या, पस्तीसला देते.”
“द्या. कढीपत्ता टाका थोडा.”

रुकैया हसन यांनी दुकानातल्या खरेदीचा आराखडा मांडला आहे. मागणी, मागणीला होकार, विक्री, पैसे देणं आणि व्यवहार मिटणं हे टप्पे त्यात हवेतच; नमस्कार-चमत्कार आणि मालाची चौकशी असली तर असली. ते वाचताना शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, तुमच्या भद्रकालीत यातलं काय बसत नाही? घासाघीस बसत नाही, हे सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. मग त्यांनी टी. एफ. मिचेल काढले. १९५७ सालचा लेख, लिबियातल्या सायरेनेका भागातल्या बाजारांवरचा. तिथे अभिवादन, चौकशी, मालाची पाहणी, घासाघीस आणि शेवट असे टप्पे आहेत. माझी पिवळी पानं थेट पाहणी आणि घासाघिशीच्या मधोमध जाऊन बसली.

कढीपत्ता मात्र कुठेच बसेना. सौदा पटल्यावर वरून फुकट मागायचं, आणि मावशीने “घ्या” म्हणत टाकायचं. मला विचाराल तर तो टप्पा मालासाठी नसतोच, पुढच्या खेपेला याच टोपलीपाशी यायचं हे ठरवण्यासाठी असतो. मॅडमनी तो ऐच्छिक टप्पा म्हणून फळ्यावर लिहिला. माझ्या मते भद्रकालीत तो ऐच्छिक नाही.

निफाड तालुक्यातल्या एका सरांनी लासलगावचा कांदा लिलाव आणला होता आणि तो सगळ्यांत सरस ठरला. फील्ड तेच, शेतमालाची विक्री. पण भाव क्विंटलवर, तो पुकारणार व्यापारी, आणि ज्याचा कांदा तो ट्रॉलीशेजारी गप्प. भाव पटला नाही तरच तोंड उघडणार. भद्रकालीत भाव विकणारी सांगते, लासलगावात घेणारा. टेनर म्हणजे काय हे मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा त्या सरांच्या अर्ध्या पानावरून जास्त कळलं.

आता दहावीकडे. आपल्याकडे बातमीलेखन कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मथळा, स्थळ, दिनांक, की झालं. खाली पोरगं लिहितं: सकाळी आठ वाजता पाहुणे आले, मग स्वागतगीत झाले, त्यानंतर मुख्याध्यापकांनी प्रास्ताविक केले, शेवटी शंभर रोपे लावली. आकृतिबंधाचे गुण पूर्ण आणि मजकूर सहलीच्या वर्णनाचा! बातमीची रचना पीटर व्हाइट यांनी ग्रहमालेसारखी दाखवली आहे. मथळा आणि पहिला परिच्छेद हा गाभा, बाकीचे परिच्छेद त्याच्याभोवती, प्रत्येकाचा संबंध थेट गाभ्याशी. म्हणून उपसंपादक खालचा परिच्छेद कापतो तरी बातमी उभी राहते. शंभर रोपं वर आली पाहिजेत, स्वागतगीत गेलं तरी चालेल.

हे मुलांना सांगून येत नाही. त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या ‘सिडनी स्कूल’ या अभ्यासकांच्या गटाची पद्धत आहे, ऐंशीच्या दशकात तिथल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमधून घडलेली. आधी एक चांगला नमुना वर्गात उकलायचा, मग शिक्षक आणि मुलांनी फळ्यावर मिळून एक लिहायचा, आणि मगच मुलाने एकट्याने. जोन रॉदरी आणि मार्टिन यांना तिथल्या वह्या चाळताना दिसलं होतं, की मुलं बहुतेक वेळ “मी काय पाहिलं, मी काय केलं” एवढंच लिहितात. माहिती देणारं, कारणं सांगणारं लेखन त्यांच्याकडून कोणी करून घेतच नाही. आपल्या वह्या चाळल्या तर? फुटक्या पाटीचं आत्मवृत्त आणि माझा आवडता ऋतू. आपण मधली पायरी गाळतो. नमुना वाचून दाखवतो आणि “आता लिहा” म्हणतो. मी ‘नववी ब’मध्ये फळ्यावर मिळून बातमी लिहून घेतली. तास संपला तरी मुलं पहिल्या वाक्यावरून भांडत होती. यासाठी मी साडेतीन हजार पुन्हा देईन.

विज्ञानाच्या पुस्तकावरचा तासही चांगला झाला. “घाम वाळला की गार वाटतं” याचं “बाष्पीभवनामुळे तापमानात घट होते” कसं होतं, क्रियापदांची नामं झाल्यावर वाक्यातली माणसं कुठे जातात, हे दाखवलं. विज्ञानाच्या शिक्षकांना जबरदस्तीने बसवावं असा तास.

अप्रेजलसाठी, म्हणजे शब्दांतून बरं-वाईट कसं ठरवलं जातं ते दाखवायला, त्यांनी नाशिककरांनी लिहिलेले मिसळीचे अभिप्राय घेतले होते, हॉटेलांची नावं खोडून. मार्टिन आणि व्हाइट यांच्या २००५ च्या मांडणीत “मन तृप्त झालं” ही भावना, “वाढणारा उर्मट” हा माणसाबद्दलचा निवाडा, “रस्सा झणझणीत” ही वस्तूची पारख. खोडसाळ अभिप्राय ओळखायचा असेल तर पहा, त्यात पारख नसतेच, नुसता निवाडा. आणि “तर्री घरच्या मसाल्याची आहे म्हणे” यातलं “म्हणे” एका फटक्यात जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतं. यावर अख्खा तास झाला असता. पाच मिनिटांत गुंडाळलं.

आता गाऱ्हाणं. थीम आणि ऱ्हीमचा रविवार वाया गेला. वाक्य जिथून सांगायला सुरुवात करतं तो भाग थीम, उरलेला ऱ्हीम. इंग्रजीत थीम वाक्याच्या आरंभी येतं, म्हणून मराठीतही पहिल्या शब्दाखाली रेघ मारत सुटायचं. “आलो, जेवलो, निघालो” यात रेघ कशाखाली मारायची? कर्ता क्रियापदाच्या शेपटात आहे. मी विचारलं, तर “ते अपवाद” असं उत्तर मिळालं. मराठीत अशी वाक्यं दिवसभर बोलतात, ती अपवाद कशी? दर भाषेचं वर्णन त्या भाषेच्या अंगाने करावं असं खुद्द हॅलिडे सांगत, आणि त्यांचं स्वतःचं सुरुवातीचं काम चिनीवरचं. नोट्स सरळ इंग्रजी पुस्तकावरून उतरवलेल्या दिसतात.

दुसरं, हसन आणि मार्टिन यांना एकाच माळेत ओवलंय. हसन यांच्याकडे मजकुराची रचना फील्ड-टेनर-मोडच्या जुळणीतून निघते. मार्टिन जॉनरला त्या तिन्हींच्या वरचा वेगळा थर मानतात. शिक्षकाला याने फरक पडत नाही. एम.ए.वाल्यांना परीक्षेत पडेल.

जाणार असाल तर आपल्या वर्गातल्या चार-पाच वह्या बरोबर न्या, चांगल्या नको, मधल्या. मॅडम त्या खरोखर वाचतात आणि त्यावरच शिकवतात. आणि फी भरण्याआधी थीमचा रविवार कोणता ते विचारून घ्या.