पडलेल्या म्युझिकलचं प्लेबिल घ्यावं, स्मरणिका घ्यावी की मुक्कामाबाहेरची पत्रिका?

चाललेल्या नाटकाचा कागद, म्हणजे त्याची छापील पत्रिका किंवा स्मरणिका, सापडायला कष्ट पडत नाहीत. ‘बॉम्बे ड्रीम्स’ हे म्युझिकल, म्हणजे गाण्यांतून उलगडणारं नाटक, लंडनमध्ये दोन वर्षं चाललं. त्या काळात तिकडे जाऊन आलेल्या एखाद्या मावशीच्या कपाटात त्याचं ब्रोशर आजही निघेल. खरी गंमत आहे ती आठ-पंधरा दिवसांत गुंडाळलेल्या म्युझिकलमध्ये. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, अशी नाटकं ढिगाने पडली आणि त्यांचे कागद विकत मिळतात. प्रश्न एवढाच, की हातात थोडेच पैसे असतील तर आधी काय घ्यायचं?

बहुतेकजण प्लेबिलपासून सुरुवात करतात आणि ते बरोबरच आहे. न्यूयॉर्कमध्ये 1884 पासून ही पत्रिका निघते आहे. दारातून आत शिरलात की खुर्ची दाखवणारा माणूस ती फुकट हातात ठेवतो. वहीच्या आकाराची, वरती पिवळी पट्टी, आत जाहिराती, नटसंच, गाण्यांची यादी आणि कलावंतांच्या ओळखी. लंडनमध्ये मात्र पत्रिका विकत घ्यावी लागते, त्यामुळे तिथे प्रेक्षक जितके तितक्या प्रती बाहेर गेल्या असं धरता येत नाही.

आता ‘दुर्मिळ’ या शब्दाकडे जरा हिशेबाने बघू. ‘कॅरी’ हे पडलेल्या नाटकांचं शिरोमणी. न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया थिएटरमध्ये 12 मे 1988 ला उघडलं, 15 मेला बंद. विकणारा सांगतो, ‘फक्त पाच प्रयोग!’ पण त्याआधी 16 प्रिव्ह्यू, म्हणजे उद्घाटनापूर्वी प्रेक्षकांसमोर केलेले खेळ, झाले होते आणि प्लेबिल प्रिव्ह्यूलाही वाटतात. म्हणजे 21 खेळ. थिएटर बाराशेच्या आसपास खुर्च्यांचं. घर भरलं असं धरलं तर पंचवीस हजार प्रती. निम्मं रिकामं धरा, तरी बारा हजार. कॅरीचं प्लेबिल महाग असतं ते त्याच्या बदनामीमुळे.

याउलट ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’. डिसेंबर 1966, मॅजेस्टिक थिएटर, मेरी टायलर मूर आणि रिचर्ड चेंबरलेन असे टीव्हीवर गाजलेले दोन चेहरे, तिकीटविक्री जोरात. चार प्रिव्ह्यू झाले आणि निर्माता डेव्हिड मेरिकने उद्घाटनाआधीच पडदा पाडला. सोळाशे खुर्च्या गुणिले चार. सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आतबाहेर. ‘केली’ तर 6 फेब्रुवारी 1965 ला उघडलं आणि त्याच रात्री संपलं. कुठल्याही प्लेबिलला भाव देण्याआधी हा गुणाकार करा, प्रिव्ह्यू धरून. विकणारे तो करत नाहीत, किंवा करून गप्प बसतात.

स्मरणिकेचं गणित वेगळं. मोठा आकार, गुळगुळीत कागद, पानभर फोटो. लॉबीत वेगळे पैसे देऊन घ्यायची. बघायला सुरेख, पाहुण्यांना दाखवायला तर त्याहून. पण ती आधीच छापून ठेवलेली असते, म्हणून आत बऱ्याचदा गाण्यांची यादी नसते, तारीखही नसते. झटपट पडलेल्या अनेक नाटकांची ती निघालीच नाही. आणि आपल्याकडच्या हवेत तो गुळगुळीत कागद म्हणजे डोकेदुखी. मी एक स्मरणिका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली होती. दोन पावसाळ्यांनंतर उघडली तर चर्रकन आवाज झाला आणि नायिकेचा अर्धा गाल समोरच्या पानावरच्या संगीतकाराच्या कपाळाला चिकटून आला. फोटोंचा सोस नसेल तर स्मरणिका मागे ठेवा. विंडो कार्डबद्दलही तेच: दुकानाच्या काचेत लावायची नाटकाची जाहिरात, 14 बाय 22 इंचांचा पुठ्ठा, भिंत हवी, फ्रेम हवी, टपालात मुडपायची भीती वेगळी.

राहिली ती मुक्कामाबाहेरची पत्रिका, आणि माझं माप तिच्या बाजूला झुकतं. ब्रॉडवेवर येण्याआधी नाटक फिलाडेल्फिया, बॉस्टन अशा गावांत घासूनपुसून घेत. टिफनीजची फिलाडेल्फियातली पत्रिका काढलीत तर त्यावर ते नावच नाही. तिथे नाटक ‘हॉली गोलाइटली’ म्हणून लागलं होतं. कॅरी आधी इंग्लंडात स्ट्रॅटफर्डला झालं, तेव्हा आईच्या भूमिकेत बार्बरा कुक होती. न्यूयॉर्कला येईपर्यंत ती बाहेर पडली आणि बेटी बकली आली. पडणारं नाटक कुठे कुठे हलत होतं, कुणाला काढलं, कुठलं गाणं कापलं, ते या कागदांत राहतं.

बाहेरगावी न जाता थेट न्यूयॉर्कमध्येच प्रिव्ह्यू केलेल्या नाटकांत हाच खेळ प्लेबिलच्या आतल्या पानांत सापडतो. ‘मेरिली वी रोल अलाँग’ 1981 मध्ये 52 प्रिव्ह्यू करून जेमतेम 16 प्रयोग चाललं. मधेच नायक बदलला: जेम्स वाइसेनबाख गेला, जिम वॉल्टन आला. पहिल्या दिवसांतल्या प्रतीत जुनं नाव हवं. म्हणून विकणाऱ्याकडे मुखपृष्ठाचा फोटो मागून उपयोग नाही. नटसंचाचं आणि गाण्यांचं पान मागा. आत बदली नटाची सुटी चिठ्ठी असेल तर तीही दाखवायला सांगा. विकणारे ती पुष्कळदा कचरा समजून फेकतात.

गाण्यांच्या पानाला किंमत किती द्यायची हे रेकॉर्ड निघाली की नाही यावर ठरवा. ‘एनीवन कॅन व्हिसल’ 1964 मध्ये नऊ प्रयोगांत आटोपलं, पण बंद पडल्यावर त्याचं ध्वनिमुद्रण झालं. गाणी ऐकता येतात. कॅरीच्या 1988 च्या संचाचा अल्बम आलाच नाही. तिथे ते एक पान म्हणजे त्या रात्रीचा जवळजवळ एकमेव छापील पुरावा.

हल्ली ओपनिंग नाइटच्या प्लेबिलवर वेगळा शिक्का असतो आणि त्यासाठी जास्त पैसे मागतात. मी देणार नाही. त्या रात्रीपर्यंत जे बदलायचं ते बदलून झालेलं असतं.

खरेदीसाठी ईबे आहेच, पण भारतात मागवलं तर टपालखर्च कागदापेक्षा जड होतो. न्यू जर्सीत भाचा-भाची असेल तर दर शरद ऋतूत ब्रॉडवेच्या गल्ल्यांत ‘ब्रॉडवे केअर्स’ संस्था भरवते त्या जुन्या बाजारात पाठवा. चार प्रती एकदम घेतल्या की घासाघीस जमते. घरी आल्यावर आधी मधल्या पिना बघा. गंज धरला असेल तर चाकूच्या बोथट टोकाने पाकळ्या उचलून त्या काढून टाका आणि पांढऱ्या दोऱ्याने सैल टाका घाला. ठेवायला पॉलिएस्टरची पिशवी, एक बाजू उघडी.